खालची कड धर

लॅपटॉपच्या डाव्या हाताला चोवीस इंची मॉनिटर आणून ठेवला आणि एचडीएमआयची केबल खोचली. मुद्रितशोधन हा माझा धंदा. एका पडद्यावर मूळ मजकूर, दुसऱ्यावर प्रूफ, असा राजेशाही थाट आता होणार होता. पहिल्यांदा दोन्हीकडे एकच चित्र आलं. म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाची तीच चूक दोनदा दिसायला लागली. मग विंडोजची कळ आणि 'पी' एकदम दाबून 'एक्स्टेंड' निवडलं, आणि वाटणीला सुरुवात झाली.

वाटणीच म्हणायची. माउस डावीकडे नेला की बाण लॅपटॉपच्या कडेवर डोकं आपटायचा. उजवीकडे, म्हणजे जिथे खिडकी आणि तिच्यात तुळशीची कुंडी आहे तिकडे नेला, की तो डावीकडच्या मॉनिटरच्या पार डाव्या कडेतून उगवायचा. शेजारच्या घरात जायला गावाला वळसा! दोन दिवस मी मुकाट्यानं तशाच प्रदक्षिणा घातल्या.

तिसऱ्या दिवशी अण्णा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. अण्णा भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. संगणकाशी त्यांचं वैर नाही, तशी ओळखही नाही. बाणाची फरफट थोडा वेळ पाहून म्हणाले, "अरे, जागेवर एक आणि नकाशात भलतंच, असं झालंय तुझं. नकाशा कुठाय?"

नकाशा होता. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये १ आणि २ असे दोन चौकोन शेजारी शेजारी बसले होते. 'आयडेंटिफाय' दाबलं की तेच आकडे खऱ्या पडद्यांवर उमटतात. "गट नंबर," अण्णा समाधानानं म्हणाले. संगणकाला बिचाऱ्याला टेबल दिसत नाही. नवा पडदा आला की बहुधा उजव्या अंगाला मांडून तो मोकळा होतो. मी २ नंबर उचलला आणि १ च्या डावीकडे नेऊन सोडला. ताबा आणि सातबारा एकदाचे जुळले.

तरी बाण मध्येच अडायचा. मॉनिटरची उंची १०८० ठिपके, लॅपटॉपची ७६८. मी दोघांना वरच्या कडेनं जुळवलं होतं, त्यामुळे मॉनिटरच्या खालच्या ३१२ ठिपक्यांना शेजारच नव्हता. अण्णांनी वाकून पाहिलं. "दोन्ही टेबलावरच टेकलीत ना? मग खालची कड धर." धरली. आता बांध वर गेला, आणि तो तर उपयोगाचाच निघाला: मॉनिटरच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या फुलीवर नेम धरला की बाण पलीकडे निसटत नाही.

विंडोज ९८ मध्ये म्हणे नऊ पडद्यांपर्यंत सोय होती. अख्खे नवग्रह! इथे दोघांना नांदवताना घाम फुटला.

एक भानगड उरली. रात्री मॉनिटरचं बटण बंद करतो, पण केबल तशीच असते. त्यामुळे संगणकाच्या लेखी तो हयातच. सकाळी फाइल उघडावी तर ती त्या काळ्या पडद्यावर जाऊन बसते आणि मी लॅपटॉपवर शोधत राहतो. विंडोज, शिफ्ट आणि उजवा बाण या तीन कळा एकदम दाबल्या की ती निमूट परत येते. अण्णांना यात काही नवल वाटलं नाही. मयताच्या नावावर वर्षानुवर्षं राहिलेल्या जमिनी त्यांनी आयुष्यभर मोजल्या आहेत.

जाता जाता त्यांनी विचारलं, "एकूण क्षेत्र किती वाढलं?"

"जवळजवळ तिप्पट झालं, अण्णा."

"आणि पीक?"

पूर्वी दिवसाला वीस पानं तपासून व्हायची. अजूनही वीसच होतात.