३० मे २०२५ च्या शासन निर्णयास खुले पत्र

पावसाळा तोंडावर असताना तू निघालास. पीक बुडाले तर शेतकऱ्याला काय द्यायचे, याचा भाव तू पेरणीआधीच पाडून ठेवलास.

तुझ्याआधीचा जानेवारी २०२४ चा निर्णय कोरडवाहू पिकाला हेक्टरी १३,६०० रुपये देत होता, तेही तीन हेक्टरपर्यंत. तू ते ८,५०० वर आणलेस आणि मर्यादा दोन हेक्टर केलीस. बागायतीच्या २७,००० चे १७,००० झाले. केंद्राच्या निकषात हाच दर आहे, असे तुझ्या बाजूने सांगितले जाते. अरे, तो पुरत नाही म्हणूनच तर राज्याने आधी वाढवला होता!

८,५०० म्हणजे गुंठ्याला ८६ रुपये, एकराला साधारण ३,४००. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ५,३२८. म्हणजे एकरभर रान कुजले तर हाती ६४ किलो सोयाबीनचे पैसे. त्यात बियाण्याची बॅग, खत, फवारणी आणि खुरपणीची मजुरी बसवून दाखव. त्याच खरिपात एक रुपयातला पीकविमा बंद झाला, स्थानिक आपत्तीत भरपाई मिळवून देणारा विम्यातला ट्रिगरही गेला. मदत आणि विमा, दोन्ही आधार एकाच वर्षी काढून घेताना कुणाचाच हात कसा थरथरला नाही?

मग सप्टेंबर आला. वर जायकवाडीचे दरवाजे उघडले आणि पाथरीपासून पालमपर्यंत गोदाकाठ पाण्याखाली गेला. गोदावरी फुगली की ओढ्यांचे पाणी मागे तुंबते, त्यामुळे नदीपासून लांबची रानेही सुटत नाहीत. काढणीला आलेल्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले, बोंडे सडली.

७ ऑक्टोबरला सरकारने ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. मर्यादा पुन्हा तीन हेक्टर झाली, रब्बीसाठी हेक्टरी १०,००० वाढवले, खरडून गेलेल्या जमिनीला ४७,००० रोख आणि रोहयोतून तीन लाखांपर्यंत देऊ केले. हे चांगलेच झाले. पण चार महिन्यांत तुझ्यावर एवढे मोठे ठिगळ लावावे लागले, यातच तू किती तोकडा होतास ते कळते. शिवाय ते मिळाले मोर्चे निघाल्यावर, मंत्र्यांचे दौरे झाल्यावर. दर आधीच पुरेसा असता तर पंचनामा झाला त्याच दिवशी शेतकऱ्याला आपला हिशेब मांडता आला असता, दुकानदाराला शब्द देऊन हरभऱ्याचे बियाणे उचलता आले असते. ऑक्टोबरात पेरणी कुणासाठी थांबत नाही. त्यातच मदत खात्यात यायला व्हीके नंबर (विशिष्ट क्रमांक), केवायसी, सामाईक खात्यातल्या भावांची संमतीपत्रे. पुण्यात कामाला गेलेला भाऊ सहीला यायचा कधी?

तू रद्द हो. जानेवारी २०२४ चा दर आणि तीन हेक्टरची मर्यादा कायमची परत येऊ दे, आणि उत्पादन खर्चाचे सरकारी आकडे दरवर्षी निघतात, त्यांच्याबरोबर तो दरही वाढू दे. हे पुढच्या मृगाआधी व्हायला हवे.

— गोदाकाठचा एक सोयाबीन उत्पादक, जि. परभणी