नैवेद्याच्या वाटीत चामडं

वहिनी, थोडं विरजण आहे का हो? आणि तो पाण्याचा पाइप बंद करून जरा कुंपणापाशी या. ओरडून सांगण्यासारखं नाही.

काल संकष्टी होती. चंद्रोदय झाला आणि नैवेद्याची चांदीची वाटी जागेवर नाही. सापडली कुठे? खाली बेसमेंटमध्ये, पूल टेबलाशेजारी. आत दूध, आणि दुधात चामड्याच्या चार टिकल्या! बटणाएवढ्या. आमचे हे वर म्हणतात, "हात लावू नकोस, रात्रभर भिजायला हव्यात." देवाच्या वाटीत चामडं, वहिनी!

आता त्यातलं शास्त्र ऐका. क्यूच्या, म्हणजे पूलच्या काठीच्या, टोकाला जी चामड्याची टोपी असते, ती दुधात भिजवायची, वाळवायची आणि शिकंज्यात आवळायची. मग ती टणक होते, लवकर चेपत नाही. इथे अमेरिकेत तिला ‘मिल्क डड’ म्हणतात, त्या चॉकलेटच्या गोळ्यांवरून. आणि या टोपीचं मूळ श्रेय फ्रान्सच्या एका कॅप्टनला देतात. तुरुंगात बसल्या बसल्या बिलियर्ड्स खेळायचा. नाव मँगो. हसू नका, खरंच मँगो.

टोपीचं सोडा. काठीची किंमत ऐकलीत तर कुंपण धराल. पेनसिल्व्हेनियातल्या एका कारागिराकडे यांनी नंबर लावला होता, दीड वर्ष! मी म्हटलं, दीड वर्षात माणूस मूल जन्माला घालून त्याला चालायला शिकवतो. पण गेल्या महिन्यात काठी आणायला मीही सोबत गेले आणि तिथे मात्र माझं तोंड बंद झालं. माझं माहेर सावंतवाडीचं, चितारआळीत लेथ फिरताना बघत वाढले मी. घाईनं कातलेलं लाकूड पुढे रुसतं, हे मला कोणी शिकवायला नको. या माणसाच्या भिंतीवर मेपलच्या शंभरेक दांड्या टांगलेल्या. थोडं कातायचं, काही आठवडे टांगून ठेवायचं, वाकली तर बाजूला. मग पुन्हा थोडं. असं सात-आठ वेळा, तेव्हा कुठे टोकाकडे तेरा मिलिमीटर उरतात. मी विचारलं, शेवटपर्यंत किती टिकतात? त्यानं नुसतं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे वाकलेल्यांचा हा ढीग! त्यातल्या एका दांडीवर त्याच्या बायकोचा घेवड्याचा वेल चढलाय.

मागचा जाड भाग वेगळा. मेपलमध्ये आबनूस नाही तर शिसव असा खुपसलेला, की चार भाले वर निघालेत. त्या भाल्यांची टोकं एका रेषेत यायला हवीत, केसभर मागेपुढे नको. भाल्यांच्या कडेनं रंगीत पापुद्रे, काठपदर असतात तसे. मुठीला आयरिश लिननचा दोरा, वेढ्याला वेढा लागून. वजन सगळं मिळून एकोणीस औंस, म्हणजे अर्ध्या किलोला थोडं वर. आणि मध्ये आट्यांचा जोड. उघडला की पेटीत मावते.

एवढ्यावर थांबले असते तर मी काही बोलले नसते. पण यांना आता बालाबुष्का हवाय. मलाही आधी ती रशियन मिठाई वाटली होती. माणूस तो! जॉर्ज बालाबुष्का, १९१२ चा जन्म, रशियातला, राहायचा ब्रुकलिनला, म्हणजे इथून एडिसनहून ट्रॅफिक नसेल तर तासाभरावर. लाकूडकाम करायचा, मुलांची खेळणीसुद्धा. १९५९ मध्ये नाताळची भेट म्हणून मित्रांना काठ्या करून दिल्या, त्याचा पुढे धंदाच झाला. करवतीखाली बोट गेलं, तर पठ्ठ्यानं प्लॅस्टिकचं बोट स्वतःच घडवलं, अगदी हुबेहूब. १९७५ मध्ये वारला. मग १९८६ मध्ये ‘द कलर ऑफ मनी’ आला. पॉल न्यूमन, टॉम क्रूझ आणि बालाबुष्का! तेव्हापासून लोक वेडे झालेत. गंमत म्हणजे सिनेमात दिसते ती बालाबुष्का नव्हेच, जॉस कंपनीची काठी आहे. खरी कोण मोडायला देतंय शूटिंगला!

आणखी आतली गोष्ट सांगते. ते भाल्यांचं काम त्याच्या बऱ्याच काठ्यांत दुसऱ्याच्या हातचं. आधी ब्रन्सविक कंपनीच्या ‘टायटलिस्ट’ काठ्यांचे बुंधे घ्यायचा, पुढे बर्टन स्पेन आणि गस झाम्बोटी या कारागिरांकडून. म्हणजे कापड बाजारातलं, शिवण त्याची. पण शिवणीलाच तर पैसे असतात! अंगावर बसतं ते शिवणीमुळे. सुरुवातीच्या काठ्यांवर सहीसुद्धा नसायची, त्यामुळे आता नकली माल उदंड. यांना एकानं फोटो पाठवले, मोटार येईल एवढी किंमत. मी म्हटलं, सही नाही, पावती नाही, आपण तर लग्नाच्या स्थळाचीसुद्धा चार ठिकाणी चौकशी करतो. राहिलं ते. लाकडाचे पैसे द्या, कोणाच्या हाताचे द्या, नुसत्या नावाचे कशाला?

आणि सगळं कशासाठी, तर म्हणे ‘हिट’. हाताला लागणारा तो ठणका. पण टोक आणि बॉल यांची गाठ असते सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढी. हाताला कळेपर्यंत बॉल निघून गेलेला! यांना सांगितलं तर म्हणाले, गाणं संपल्यावरही तंबोरा कानात राहतोच ना. बरं, म्हटलं, परीक्षा देता? डोळ्यांना ओढणी बांधली, हातात एकेक काठी दिली. स्नूकरची लगेच ओळखली. ती ॲशच्या लाकडाची असते, टोक नऊ-दहा मिलिमीटरचं, रेघा बोटाला लागतात. शिवाय हे पुण्याच्या कॅम्पातले, बिलियर्ड्सपटू विल्सन जोन्स पुण्यात जन्मला हे मला लग्नाच्या आधीपासून ऐकवतायत, त्यामुळे ॲश यांच्या रक्तात. पण मेपलच्या दोन? नवी कुठली आणि शंभर डॉलरवाली कुठली, उलट सांगितलं! तेव्हापासून ओढणीचा विषय घरात निघत नाही.

तरी एक कबूल करते. दुपारी घरात कोणी नसतं तेव्हा मी ती नवी काठी एकदोनदा हातात घेतलीय. बॉलवर टेकवली की टक् असा कोरडा आवाज येतो, चांगल्या भाजलेल्या मडक्यासारखा. कार्बनच्या काठ्या निघाल्यात आता, वाकायची भीती नाही, पण त्यांचा आवाज नळावर चमचा मारल्यासारखा.

दिवाळीत पुण्याला न्यायची म्हणत होते. नेमका त्या कारागिरानं टोकाशी जुन्या हस्तिदंताचा तुकडा बसवलाय. विमानतळावर कस्टमवाल्यांना काय सांगणार, गणपतीचा म्हणून? मुकाट्यानं पेटीत ठेवलीय.

विरजण बसलं असेल ना घट्ट? वाटी मात्र तुमचीच द्या, आमच्याकडे भरवशाची एकही उरली नाही. आणि हो, त्या चार टिकल्यांतल्या दोन भाऊजींच्या होत्या.

म्हणजे काय, तुम्हाला माहीत नाही? दर शुक्रवारी येतात की आमच्याकडे. तुमच्या गॅरेजमध्ये ती लांबट काळी पेटी आहे ना, कॅमेऱ्याचा स्टँड म्हणून आणलेली? अहो, तो स्टँड नव्हे. भाऊजींचा नंबर आमच्या यांच्या आधी लागला.

अहो वहिनी! वहिनी, कुठे निघालात? विरजण राहिलं!