चौदा आण्यांचे अण्णा

सरकारने 1957 साली दशमान पद्धत आणली आणि रुपयातले आणे मोडीत काढले. ही बातमी देवगड तालुक्यातल्या हापूसच्या बागांपर्यंत अजून पोचलेली नाही. तिथे आंबा आण्यांतच मोजतात. दहा आणे म्हणजे कोवळा, सोळा आणे म्हणजे झाडावरच पिकलेला आणि चौदा आणे म्हणजे काढा. हा हिशेब सांगणारा एक तरी माणूस दर वाडीत असतो. आमच्या वाडीत अण्णा आहेत.

अण्णा बागेत येतात ते सकाळी, उन्हं चढायच्या आत, आणि न बोलावता. कलमाखाली उभे राहतात, मान वाकडी करतात, एक डोळा मिटतात. फळाला हात म्हणून लावत नाहीत. आंबा दाबून बघणाऱ्याचा त्यांना मनापासून तिटकारा. "बाजारातल्या आंब्याक दाबतत. झाडावरच्याक बघूचा असता." बघायचं काय, तर खांदे. कोवळ्या फळाचे खांदे देठापासून उतरते असतात; तयार फळाचे भरून वर येतात आणि देठ खळग्यात जाऊन बसतो. मग रंग. गर्द हिरवा ओसरून जरा फिकट झालेला हवा, सालीवरचे ठिपके उठून दिसायला हवेत. एवढं सगळं जुळलं की अण्णा घसा खाकरून जाहीर करतात, "पावणेचौदा!"

राहिलेल्या त्या पाव आण्यावर दरवर्षी भांडण होतं. बाग कराराने घेतलेला व्यापारी घायकुतीला आलेला असतो. हंगामाच्या तोंडाला वाशीत भाव चढा, म्हणून त्याला बारा आणेही चालतात. पण असला आंबा आढीत पिवळा झाला तरी गोड होत नाही, सालीला सुरकुत्या पडतात. बरं, जास्त थांबावं तर साका. बाहेरून फळ निर्दोष, गिऱ्हाईक खूश. सुरी घातली की आत पांढरट, भुसभुशीत, आंबट गर. खालून कातळाची धग आणि वरून फळ झाडावर राहिलेलं, मग दुसरं काय होणार? दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसचा संकर करून 1981 साली 'रत्ना' काढला, त्यात साका नाही. अण्णांना हे मान्य आहे. "साको नसता, ता खरा. पण मगे माका कोण इचारतलो?"

काढणी सुरू झाली की अण्णांचा आवाज दोन बागांपलीकडे जातो. "देठ! देठ ठेव!" देठ मुळाशी तुटला की चीक उडतो आणि सालीवर काळा डाग पडतो. झेला चालवणारी नेपाळी मुलं मराठीत फारसं बोलत नाहीत, पण "देठ" आणि "चौदा आणे" एवढं त्यांना झोपेतही येतं.

गेल्या हंगामात अण्णांचा पुतण्या दापोलीहून शेतीची पदवी घेऊन आला आणि त्याने अंगणात पाण्याचं पिंप मांडलं. आंबा बुडाला तर तयार, तरंगला तर कोवळा. "पाण्याक काय इचारतंस? माका इचार," अण्णा म्हणाले आणि त्यांनी नुसत्या नजरेने फळांचा ढीग निवडून दिला. पुतण्याने एकेक फळ सोडलं. जवळजवळ सगळी तळाला गेली. दोन मात्र तरंगली. अण्णा वाकले, पिंपात बोट बुडवून चाखलं आणि म्हणाले, "पाणी खारा आसा." खाऱ्या पाण्यात वस्तू जास्त तरंगते हे पदवीच्या अभ्यासातही असल्यामुळे पुतण्याची पंचाईत झाली. पिंप ज्या विहिरीवर भरलं तिचं पाणी अख्खी वाडी पिते, ही गोष्ट अर्थात कोणी काढली नाही.

आता ही सवय बागेपुरती राहिली असती तर ठीक. अण्णांना स्थळ बघायला नेलं की मुलाचं शिक्षण, पगार राहतं बाजूला, ते त्याचे खांदे बघतात. परतताना एसटीत निकाल लागतो: "बारा आणे. आढीत घातल्यार पिकतलो." अशी लग्नंही झाली आहेत आणि बरी चालली आहेत, हे कबूल करायला हवं.

एवढं असून अण्णांचं स्वतःचं एकही कलम नाही. वाटण्यांत भावांकडे बाग गेली, यांच्याकडे कातळ आला. त्यामुळे त्यांचा निकाल निःपक्षपाती असतो, असं त्यांचंच म्हणणं आहे. मला विचाराल तर ज्याचा माल विकायचा नसतो त्यालाच एवढं थांबता येतं.

तेव्हा देवगडहून पेटी मागवणार असाल तर फोनवर खुशाल भाव विचारा, डझन विचारा. "काढणी कधी?" एवढं मात्र विचारू नका. बागायतदार फोन अण्णांकडे देईल आणि तुमचा आंबा दोन दिवस पुढे जाईल.