कंपनीचा सातबारा

आमच्या सोयगावात लपवण्यासारखं कुणाकडे काही उरलेलं नाही. सातबारा उघडला की सगळं दिसतं: क्षेत्र, पोटखराबा, 'इतर हक्कां'त सोसायटीचा बोजा. १५ ऑगस्ट २०२१ पासून तर पीकपाहणीही ज्याची त्यानेच मोबाइल अ‍ॅपवर करायची. भर उन्हात कपाशीत उभं राहून फोटो काढायचा, बांधावरची झाडं मोजायची, पड राहिली तर तीही कबूल करायची. रेंजसाठी लिंबाखाली सरकलो की अ‍ॅप टोकतं, तुम्ही गटापासून दूर आहात.

त्याच वर्षी मे महिन्यात शेअर बाजाराची नियामक सेबीने कंपन्यांसाठीही एक नमुना काढला, बीआरएसआर, म्हणजे जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल. बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना तो २०२२-२३ पासून सक्तीचा. वीज, पाणी, धूर, कचरा, सगळ्यांना रकाने. फक्त रकान्यांच्या जाती दोन, 'आवश्यक' आणि 'नेतृत्व'. नेतृत्वाचे ऐच्छिक. पाणीटंचाईच्या भागातून किती पाणी उचललं, हा प्रश्न नेमका नेतृत्वात! २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, औरंगाबाद खंडपीठाला दारू कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्के कपात करायला सांगावं लागलं. एवढं होऊनही टंचाईतलं पाणी सांगणं मर्जीवर.

आमचा कापूसही अशाच ऐच्छिक रकान्यात अडकलाय. तो जिनिंगमधून सूतगिरणीत आणि शेवटी एखाद्या ब्रँडच्या शर्टात जातो. शर्टवाल्याच्या हिशेबात आमचं खत, फवारणी, ट्रॅक्टरचा धूर म्हणजे 'स्कोप ३', पुरवठा साखळीत इतरांकडून झालेलं उत्सर्जन. तोही ऐच्छिक. म्हणजे अख्खा तालुकाच ऐच्छिक. एसटीची वाट बघताना तशी शंका यायचीच.

आणखी एक गंमत. पाणी किती वापरलं ते उलाढालीच्या दर रुपयामागेही सांगायचं असतं, आणि अहवालात मिरवतो तो हाच आकडा. झकास! कापसाला भाव चढला की माझंही दर रुपयामागचं पाणी घटेल. मोटार बंद करायची गरज नाही.

तर आता कंपन्यांचाही सातबारा निघू द्या. मालकाने वर्षातून एकदा सांडपाण्याच्या नाल्याकाठी उभं राहून फोटो काढावा. एसीत बसून काढला तर अ‍ॅपने टोकावं, साहेब, तुम्ही नाल्यापासून दूर आहात. आणि टंचाईच्या पाण्याची ती ओळ 'नेतृत्वा'तून उचलून 'आवश्यक'मध्ये टाका. फेरफार आम्ही आजच धरला आहे. कुणाची हरकत असेल त्याने पंधरा दिवसांत लेखी कळवावी.