कूलर, रेडिएटर आणि अडकलेली हवा

मे महिन्यात ताडोब्यात वाघ दिसायची शक्यता जास्त, कारण पाणवठे आटलेले असतात आणि त्यालाही उरलेल्या पाण्यापाशी यावंच लागतं. म्हणून पुण्या-मुंबईची मंडळी नेमकी नवतपात, म्हणजे मेअखेरच्या ऐन उन्हात, ताडोब्याच्या दारातल्या मोहर्लीला येतात. पारा 45 च्या पुढे. वाघ दिसला तर भारावतात, नाही दिसला तर जंगलाला बोल लावतात, आणि दुपारी आमच्याकडे खोलीवर आले की दोन्ही पक्ष मिळून कूलरला नावं ठेवतात. "काका, कूलर छोटा आहे हो!"

छोटा नसतो. मापाचा हिशेब सोपा आहे : खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणायची आणि निम्मी करायची. मिनिटाला तेवढे घनफूट हवा फेकणारा कूलर पुरतो. 10 बाय 12 ची, 10 फूट उंच खोली म्हणजे 600. विदर्भातला साधा पत्र्याचा कूलर याच्या कितीतरी पुढे जातो. तरी पाहुणा घामाघूम, कारण एसीच्या सवयीने त्याने दार, खिडकी, वरचा झरोकासुद्धा लावून घेतलेला असतो. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून आत ढकलतो. आतली हवा निघालीच नाही, तर नवी शिरणार कुठे? तासाभरात खोलीत आषाढ उतरतो आणि चादर अंगाला चिकटते.

माझा भाचा न्यूयॉर्कला एका जुन्या इमारतीत राहतो. तिथे तळघरातल्या बॉयलरची वाफ नळाने वर येते आणि खिडकीखालचा बिडाचा रेडिएटर तापवते. जानेवारीत त्याचा फोन आला : "मामा, रेडिएटर अर्धाच तापतोय, आणि रात्रभर ठाणठाण वाजतोय." मी बर्फ पाहिलाय तो फक्त गोळेवाल्याकडे, पण दुखणं ओळखीचं निघालं. रेडिएटरच्या टोकाला एक लहानशी झडप असते. वाफ यायच्या आधी आतली हवा तिथून निघून जावी लागते. रंगाच्या थराने ती झडप बुजली, की हवा आतच अडकते आणि वाफ अर्ध्यावर थबकते. ठाणठाण मात्र पाण्याची. एकाच नळाच्या व्यवस्थेत वाफेचं झालेलं पाणी आल्या वाटेने परत जातं. रेडिएटर उलटा कलला असेल तर ते साचतं, आणि मागून येणारी वाफ ते उचलून लोखंडावर आपटते. उपाय काय, तर नळापासून लांबच्या पायांखाली लाकडाची चकती. आणि नळाची चावी पूर्ण उघडी नाहीतर पूर्ण बंद. मधली तडजोड तिला मानवत नाही.

त्या रेडिएटरचं मापही मजेचं. 1918 च्या इन्फ्लूएंझाच्या साथीनंतर, भर थंडीत खिडक्या उघड्या ठेवूनही घर उबदार राहावं अशा बेताने ते मोठे बसवले, असं तिकडचे जाणकार सांगतात. त्यामुळे भाचा जानेवारीत खिडकी उघडून बसतो आणि आमचा पाहुणा मे महिन्यात बंद करून!

हिशेब दोन्हीकडे एकच. लिटरभर पाण्याची वाफ व्हायला साडेपाचशेच्या आसपास किलोकॅलरी उष्णता लागते. कूलर ती खोलीतल्या हवेच्या नावे टाकतो, रेडिएटर जमा करतो. मोहर्लीला लागूनच इरईचा जलाशय आहे. त्याचं पाणी चंद्रपूरच्या 2920 मेगावॉटच्या औष्णिक केंद्रात वाफ होऊन टर्बाइन फिरवतं. म्हणजे कूलरच्या टाकीत पाणी लागतं, आणि त्याला वीज पुरवायलाही पाणीच लागतं.

खिडकी उघडूनही खोली गार होत नसेल, तर आमचा मिस्त्री आधी ताटीवर हात फिरवतो. एखादा पट्टा कोरडा लागला, की वरच्या पन्हळीची भोकं क्षाराने बुजलेली असतात, आणि तेवढ्या पट्ट्यातून बाहेरची झळ जशीच्या तशी आत येते. तारेने भोकं मोकळी केली की झालं. पंप गुणगुणतो पण पाणी चढत नाही, तेव्हा ताटीचं कुसळ अडकलेलं असतं. मात्र प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही. या बाबतीत तो वाघापेक्षा कूलरला जास्त भितो, आणि बरोबरच आहे. आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करायची, नाहीतर डेंग्यूचे डास बिनभाड्याने राहतात.

तेव्हा मोहर्लीला याल तर मोठा कूलर मागण्याआधी समोरची खिडकी उघडा. वाघ खिडकीतून येत नाही, आणि माकडांसाठी जाळी बसवलेली आहे.