तात्पुरता आहे हो!

आमच्या सोसायटीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे कायम एखादा कुत्रा असतो आणि तो कायम ‘तात्पुरता’ असतो. कुणीतरी रस्त्यावरून उचललेला, दवाखान्यातून सुटलेला; घर मिळेपर्यंत मुक्काम काकूंकडे. सध्या बंड्या आहे. तांबूस रंग, कानाला नसबंदीची खाच, मागच्या पायानं किंचित लंगडा. “तात्पुरता आहे हो, जीव लावायचा नाही,” असं काकू म्हणतात, तेव्हा त्यांचे हात चिकनमधली हाडं वेचत असतात.

बंड्याला जगात परकं कुणी नाही. गॅसवाला, कुरियरवाला, कुणीही येवो, हा शेपटीसकट अख्खा हलतो. “राखण करेल ना?” असं कुणी विचारलं की काका पेपरातून मान वर न काढता म्हणतात, “चोराला बॅटरी धरेल.” आणि “कुठल्या जातीचा?” असं विचारलं की काकू म्हणतात, “पुण्याचा.”

पिल्लं पटकन जातात; वाढलेल्या गावठी कुत्र्याला कुणी विचारत नाही. म्हणून काकूंनी सगळ्या ग्रुपांवर मजकूर टाकलाय : ‘वय अंदाजे दोन वर्षं, लसी पूर्ण, शी-शू बाहेर, अत्यंत प्रेमळ.’ चपलांचा विषय त्यात नाही.

मात्र खरंच कुणी बघायला आलं की प्रेमळपणा बंड्याकडे आणि चौकशी काकूंकडे. काकू बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाल्या आहेत, ते अशा वेळी कळतं. चष्मा चढतो, फाईल उघडते. “घर स्वतःचं की भाड्याचं? मालकाची लेखी परवानगी? गॅलरीला जाळी आहे? गावाला गेलात तर कोण सांभाळणार? दिवाळीत फटाक्यांना घाबरून पलंगाखाली बसला तर ओढून काढणार नाही ना? सासूबाई ‘हो’ म्हणाल्यात, की तुम्हीच धरून चाललात?” परवा एक गृहस्थ उत्साहानं म्हणाले, “आमच्या फार्महाऊसवर ठेवू, मोकळी हवा!” काकूंनी फाईल मिटली. आठवडाभर साखळी आणि रविवारी मालक, हा हिशेब त्यांना पाठ आहे. चहासुद्धा अर्ध्या कपावर आटोपला. मुलीच्या वाढदिवसाची भेट म्हणून कुत्रा मागणाऱ्यांना तर दारातूनच परत पाठवलं.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा फलक लावला होता : ‘कुत्रे पाळण्यास मनाई.’ काकूंनी प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचना लॅमिनेट करून त्यांच्या हातात दिल्या. बहुमतानं ठराव केला तरी अशी बंदी घालता येत नाही, ही ओळ पिवळ्या रंगानं अधोरेखित. फलक उतरला. तेव्हापासून बंड्या सेक्रेटरींना रोज लिफ्टपाशी गाठून आपली बाजू मांडतो.

“काकू, इतकं पारखताय, तर तुम्हीच ठेवून घ्या की,” मी म्हटलं.

“याला ठेवला तर पुढच्याला कुठे घेऊ? खोली एकच आहे,” काकू म्हणाल्या. “गेलाच पाहिजे. पण गेल्यावर परत रस्त्यावर येता कामा नये. नकोसा झाला तर माझ्याकडे आणून सोडायचा, तशी सही घेते मी.” प्रत्येकाबरोबर त्या त्याची वापरलेली चादर देतात, न धुता. नव्या घरात ओळखीचा वास हवा म्हणून. पंधरा दिवसांनी न सांगता तपासणीला जातात, ते वेगळंच.

काल संध्याकाळी सेक्रेटरी काकूंच्या दारात उभे होते. काकूंना वाटलं, नवी तक्रार. त्यांनी लॅमिनेट शोधायला घेतलं.

“तसं नाही,” सेक्रेटरी घसा खाकरत म्हणाले. “ते... बंड्याचं कुठे जमलं का? नाही, हिचं म्हणणं होतं, आपल्याकडे... म्हणजे मलाही...”

बंड्या एव्हाना त्यांच्या चपलेवर बसला होता. काकूंनी चष्मा चढवला.

“बसा. गॅलरीला जाळी आहे?”