जेरुसलेम दर्शन, बससह

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान या तिघांचेही तीर्थक्षेत्र असलेले जेरुसलेम तेल अवीवपासून साधारण 60 किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर वसले आहे. ज्यासाठी जगभरातून माणसे येतात ते तटबंदीतले जुने शहर मात्र जेमतेम 1 चौरस किलोमीटरचे आहे. त्यात मुस्लिम, ख्रिस्ती, ज्यू आणि आर्मेनियन असे चार मोहल्ले आहेत. एवढ्याशा जागेत तीन धर्म आणि त्यांचे यच्चयावत पंथ पिढ्यान्‌पिढ्या राहत असल्याने कोणती पायरी कोणी झाडायची आणि कोणता दिवा कोणी लावायचा, हे सगळे ठरून गेलेले असते. सहलीला आलेल्या माणसाने काहीही सरकवू नये, हा येथला पहिला नियम. जगाच्या पाठीवर कुठेही गेले तरी आधी खुर्च्या गोल करून बसणाऱ्या मराठी कुटुंबाला तो जड जातो.

एका दिवसाची सहल सकाळी सातला बसने सुटते. गाइडला पर्यटन मंत्रालयाचा परवाना असावा लागतो आणि तो मिळवण्यासाठी लांबलचक अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. त्यामुळे गाइड जे शिकला ते सगळे सांगतो. तो मिटलेली केशरी छत्री उंच धरून चालतो आणि प्रत्येकाच्या कानातल्या यंत्रातून बोलतो. छत्री दिसेनाशी झाली तरी आवाज येत राहतो. आपले चिरंजीव फोटो काढायला मागे राहिले, की त्यांना समोर पाहावी बेकरी आणि कानात ऐकावे धर्मयुद्ध.

बसमध्ये पुढच्या आसनावर लोदहून आलेल्या एक बेने इस्राएली आजी होत्या. कोकणातले हे ज्यू तेलाच्या घाण्याचा धंदा करीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. इस्राएलला येऊन कैक दशके झाली तरी त्यांच्यातल्या जुन्या पिढीचे मराठी शाबूत आहे आणि 'मायबोली' नावाचे त्यांचे मराठी नियतकालिकही येथून निघत आले आहे. सूनबाईंनी डबा उघडताच आजींनी मागे न वळता विचारले, "थालीपीठ काय गं?" पुढच्या प्रवासात त्या चिरंजीवांच्या कुटुंबाच्या बिनपरवाना गाइड झाल्या.

शहर जवळ आले की सगळ्या इमारती एकाच फिकट चुनखडी दगडाच्या दिसू लागतात. बांधकामाला हाच स्थानिक दगड लावावा, हा नियम ब्रिटिश अमदानीचा असून त्याची सुरुवात 1918 मध्ये लष्करी गव्हर्नर रोनाल्ड स्टॉर्स यांनी केली. त्यामुळे पेट्रोल पंप आणि प्रार्थनास्थळ यांचे वय लांबून सारखेच वाटते.

जुन्या शहराभोवतीचा सुमारे 4 किलोमीटरचा तट ऑटोमन सुलतान सुलेमान याने सोळाव्या शतकात बांधवला. आठ दरवाजांपैकी सात वापरात आहेत. पूर्वेचा सुवर्णद्वार शतकानुशतके चिणलेला आहे. सहल पश्चिमेच्या जाफा दरवाजाशी उतरते. दरवाजाशेजारी तटाला जे रुंद खिंडार आहे, ते 1898 मध्ये जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याची बग्गी आत यावी म्हणून पाडले. 1917 च्या डिसेंबरात शहर जिंकणारा ब्रिटिश सेनापती अॅलनबी मात्र मुद्दाम घोड्यावरून उतरून पायी आत शिरला. सहलीतल्या लोकांना अॅलनबीचा कित्ता गिरवावा लागतो.

आर्मेनियन मोहल्ला बाहेरून पाहून होतो आणि ज्यू मोहल्ल्यातून वाट पश्चिमी भिंतीपाशी उतरते. ही भिंत मंदिराची नव्हे. हेरोद राजाने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात मंदिराचा चौथरा वाढवला, त्याला टेकू देणारी ती भिंत आहे. मंदिर रोमनांनी इ. स. 70 मध्ये जाळून पाडले, भिंत राहिली. तिची एकूण लांबी 488 मीटर भरते. चौकातून दिसते ती सुमारे 57 मीटर, बाकीची घरांमागे आणि जमिनीखाली आहे. पुरुष आणि स्त्रिया वेगवेगळ्या भागांत प्रार्थना करतात. पुरुषांनी डोके झाकायचे असते आणि ज्यांच्याकडे टोपी नसेल त्यांना ती तेथे फुकट मिळते. टोपी हलकी आणि वारा भारी असल्याने चिरंजीवांचा एक हात भिंतीवर आणि दुसरा डोक्यावर, असे दर्शन झाले.

दगडांच्या फटींत भाविक चिठ्ठ्या खोचतात. त्या कोणी वाचत नाही. वर्षातून दोनदा काढून ऑलिव्ह पर्वतावर पुरतात. नातवाने सहामाही परीक्षेसंबंधीचा मजकूर मराठीत लिहिला आणि मग भाषेची शंका काढली. आजी म्हणाल्या, "कळतं हो त्याला. एलियाहू हन्नबी आपल्या कोकणात येऊन गेलेत." बेने इस्राएलांची तशी श्रद्धाच आहे, अलिबाग तालुक्यात एका खडकावर या प्रेषिताच्या रथाच्या खुणा दाखवतात आणि त्याच्या नावाने पोहे, ओले खोबरे, गूळ आणि फळे घालून मलिदा करतात. परत फिरताना भिंतीला पाठ दाखवायची नाही, असा अनेकांचा रिवाज आहे. चौकात त्यामुळे बरीच माणसे उलटी चालत असतात आणि प्रत्येकाची कोणा ना कोणाशी टक्कर होते. माफी सर्व भाषांत मागितली जाते.

भिंतीच्या वरचे विस्तीर्ण पटांगण ज्यूंची मंदिर टेकडी आणि मुसलमानांचे हरम अश-शरीफ आहे. तेथला आठ बाजूंचा डोम ऑफ द रॉक खलिफा अब्द अल-मलिक याच्या कारकिर्दीत 691-92 मध्ये पुरा झाला. त्याच्या घुमटावरच्या आजच्या सोन्याचा खर्च जॉर्डनचे राजे हुसेन यांनी 1990 च्या दशकात उचलला. पटांगणाचा कारभार इस्लामी वक्फकडे आणि बंदोबस्त इस्राएली पोलिसांकडे आहे. मुसलमानेतरांना ठरावीक वेळेत, एकाच मुघ्रबी दरवाजाने वर जाता येते. इमारतींच्या आत नाही. तेथे प्रार्थना मुसलमानांनीच करायची, अशी जुनी व्यवस्था आहे. कॅमेरा दिसताच हात जोडून उभे राहण्याची सवय त्यामुळे खाली ठेवून जावी लागते. सूनबाईंच्या या ठिकाणच्या फोटोत हात कुठे ठेवावेत हे न सुचल्याचे स्पष्ट दिसते.

पटांगणाजवळून व्हिया डोलोरोसा, म्हणजे परंपरेप्रमाणे येशूने क्रूस वाहून नेला ती वाट, सुरू होते. तिच्यावर 14 थांबे आहेत. शेवटचे पाच होली सेपल्कर चर्चच्या आत आहेत. दर शुक्रवारी दुपारी फ्रान्सिस्कन साधू या वाटेने मिरवणूक नेतात. एरवी वाटेच्या दोन्ही बाजूंनी बाजार आहे: मसाल्यांचे ढीग, डाळिंबाचा रस, तीळ लावलेले कडेबोळ्याच्या आकाराचे लांबट पाव आणि ऑलिव्हच्या लाकडाचे उंट. उंटाची रीत अशी, की दुकानदाराने शंभर शेकेल सांगितले तर चाळीसला मागावा आणि चालू लागावे. सूनबाई तुळशीबागेत तयार झालेल्या असल्याने तिसऱ्या पावलाला हाक आली. मात्र तोवर छत्री सातव्या थांब्यावर पोहोचली होती आणि उंट घाईत साठला पडला.

होली सेपल्कर चर्च येशूचे बलिदान आणि समाधी यांच्या मानल्या जाणाऱ्या दोन्ही जागांवर उभे आहे. मूळ वास्तू सम्राट कॉन्स्टंटाइनची, 335 मध्ये अर्पण केलेली. खलिफा अल-हाकिमने 1009 मध्ये ती पाडवली. आजची बरीचशी इमारत बाराव्या शतकातल्या क्रूसवीरांची. ग्रीक ऑर्थोडॉक्स, रोमन कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियाक आणि इथिओपियन असे सहा पंथ तिच्यात नांदतात. भांडणे वाढल्यावर ऑटोमन सुलतानांनी 1757 मध्ये आणि पुन्हा 1852 मध्ये 'जैसे थे'चे फर्मान काढले. ज्याच्याकडे जे होते ते त्याच्याकडेच, आणि सामाईक जागेत सर्वांच्या संमतीखेरीज बदल नाही. पंढरपूरच्या सेवेकऱ्यांचे पूर्वीचे वाद ज्यांनी वाचले आहेत त्यांना हा भाग विशेष समजावून सांगावा लागत नाही.

फर्मानाचा अंमल दर्शनी भिंतीवरच दिसतो. दरवाजावरच्या खिडकीखाली एक लाकडी शिडी टेकलेली आहे. अठराव्या शतकातल्या चित्रांतही ती आहे. ती काढायला सर्वांची परवानगी लागते, म्हणून ती तेथेच आहे. मुख्य दाराची किल्ली दोन मुसलमान घराण्यांकडे आहे: जुदेह घराणे ती सांभाळते, नुसेबेह घराणे दार उघडते. रोज पहाटे आतले साधू दाराच्या झरोक्यातून दुसरी एक शिडी बाहेर देतात; तिच्यावर चढून वरचे कुलूप काढले जाते. 1927 च्या भूकंपाने खिळखिळ्या झालेल्या समाधिगृहाला ब्रिटिशांनी 1947 मध्ये लोखंडी तुळयांचा आधार दिला. दुरुस्तीवर एकमत होऊन त्या तुळया 2017 मध्ये निघाल्या. छतावरच्या मठाबद्दल कॉप्ट आणि इथिओपियन यांच्यात वाद आहे. तेथे 2002 च्या उन्हाळ्यात एका कॉप्ट साधूने आपली खुर्ची सावलीत सरकवली, त्यावरून मारामारी झाली आणि 11 जणांना रुग्णालयात न्यावे लागले. हे ऐकताच चिरंजीवांनी टेकायला ओढलेले बाकडे जागच्या जागी परत ठेवले.

जेवणाची सोय बाजारात होते. फलाफल, हमस आणि पाव हे शाकाहारी माणसाला चालते. सूनबाईंनी हमसची नोंद 'हरभऱ्याची गुळगुळीत चटणी, फोडणी नाही' अशी केली आहे. हेरोद दरवाजाजवळची हिंदी धर्मशाळा या सहलीत येत नाही, ती वेगळी पाहावी. सूफी संत बाबा फरीद तेथे राहून गेल्याची परंपरा असून तिला आठ शतके झाली. बस संध्याकाळी सहाच्या सुमारास परतीला लागते.

आई-बाबांच्या मुक्कामात ही सहल करायची तर वार नीट पाहिला पाहिजे. शुक्रवारी दुपारी मुसलमानांची मोठी नमाज असते आणि सूर्यास्तापासून ज्यूंचा शब्बाथ लागतो. शनिवारी बहुतेक बस बंद राहतात. दोन्ही दिवशी पटांगण पाहुण्यांना बंद असते. रविवारी चर्चमध्ये उपासनेची गर्दी. सोमवारी आणि गुरुवारी आईचा उपवास, आणि हमस उपासाला चालत नाही. बाकी मंगळवार आणि बुधवार उरतात. चिरंजीवांच्या कंपनीला सुट्टी नेमकी शुक्रवार-शनिवारी असल्याने रजेचा अर्ज बुधवारसाठी टाकला आहे. बाबांनी टोपी आणावी, शक्यतो जड. आईने चढउताराचे बूट घालावेत, कारण दगडी पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्या आहेत आणि त्या बदलायलाही सर्वांची परवानगी लागेल.

थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. कळावे.